ट्रॉली लावता येणं म्हणजे ओटी येणं नव्हे

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडी घ्या किंवा नवी मुंबईत वाशी-कोपरखैरणे, छोटी नर्सिंग होम्स पावलोपावली दिसतात. तिथली एक जाहिरात नेहमीची असते : 'ओटी सिस्टर पाहिजे, अनुभव २ वर्षे.' ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. या दोन वर्षांतून नक्की काय कळतं? एखाद्या ठिकाणी दोन वर्षं म्हणजे सिझेरियन आणि क्युरेटिंग (गर्भपिशवी साफ करणं), दुसरीकडे फक्त मोतीबिंदू, तिसरीकडे रोज दुर्बिणीच्या केसेस. मोतीबिंदूच्या ओटीत दोन वर्षं काढलेल्या सिस्टरचा नाजूक अवजारांवर हात बसलेला असतो, पण पोट उघडलेल्या पेशंटमध्ये मॉप (रक्त टिपायचे कापडी पॅड) मोजायची वेळ तिच्यावर कदाचित एकदाही आलेली नसते. तिला रात्री अकरा वाजता इमर्जन्सी सिझेरियनला उभं केलं, तर चूक तिची नाही. तिला काय येतं हे ज्याने विचारलंच नाही, त्याची ती चूक आहे.

क्लिनिकल कॉम्पिटन्सी या शब्दाचा सरळ अर्थ असा : ठरावीक काम, ठरावीक परिस्थितीत, कुणी शेजारी उभं नसतानाही सुरक्षितपणे करता येणं. त्यात माहिती, हाताची सवय आणि निर्णय अशी तिन्ही अंगं येतात. ग्लोव्ह घातलेला हात ड्रिप स्टँडला नकळत लागला. कुणी पाहिलं नाही. केस अर्ध्यावर आहे, सर्जन घाईत आहेत. 'माझा ग्लोव्ह खराब झाला, बदलते' असं स्वतःहून म्हणणारी सिस्टर आणि गप्प राहणारी सिस्टर लेखी परीक्षेत सारखेच मार्क मिळवतील. फरक ओटीतच दिसतो आणि तो शिकवता येतो.

जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या तीन किंवा बीएस्सी नर्सिंगच्या चार वर्षांत ओटीची पोस्टिंग असते, पण ती काही आठवड्यांची, आणि त्यातला बराच वेळ बाजूला उभं राहून बघण्यात जातो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. तो केलेली सिस्टर मिळाली तर उत्तमच. छोट्या हॉस्पिटलांत बहुतेक जणी कामावर लागूनच शिकतात, म्हणजे शिकवण्याची जबाबदारी हॉस्पिटलवरच येते.

अमेरिकन परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नर्सच्या वाढीचे पाच टप्पे मांडले : नवखी, थोडी सरावलेली, सक्षम, निष्णात आणि तज्ज्ञ. ओटीसाठी त्यातलं सगळ्यात उपयोगाचं म्हणजे, ओळखीच्या कामातून अनोळखी कामात गेलं की माणूस पुन्हा नवख्याच्या पायरीवर येतो. गायनॅकच्या केसेस डोळे मिटून घेणारी सिस्टर गुडघा बदलण्याच्या केसमध्ये पहिल्या दिवशी नवखीच असते. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. उलट 'एवढी सीनिअर आहे, जमेल तिला' या वाक्यातूनच अपघात होतात.

सुरुवात ओटीच्या बाहेरून

नव्या सिस्टरला पहिल्याच दिवशी स्क्रब करून, म्हणजे हात धुऊन निर्जंतुक गाऊन-ग्लोव्ह घालून, उभं करू नये. पहिले दोन आठवडे तिला सीएसएसडीत, म्हणजे अवजारं धुऊन निर्जंतुक होतात त्या खोलीत ठेवावं. छोट्या ठिकाणी तिथे एक सिंक, एक ऑटोक्लेव्ह आणि एक मावशी एवढंच असतं. तरी चालेल. अवजारांची नावं, त्यांचे जोड, कुठे रक्त अडकतं, सेटमध्ये किती आर्टरी (रक्तवाहिनी पकडायचे चिमटे) असतात हे तिथे हातात घेऊन कळतं.

धुतल्याशिवाय निर्जंतुकीकरण होत नाही, हे तिथे पटतं. आर्टरीचा खटका मिटलेला राहिला, दुर्बिणीचं अवजार न सोडवता तसंच पाण्यात टाकलं, तर सुकलेलं रक्त आत राहतं आणि वाफ त्याच्या आत पोचत नाही. दुर्बिणीची अवजारं दोन केसेसच्या मध्ये ग्लुटारअल्डिहाइडमध्ये थोडा वेळ बुडवून काढणं अनेक ठिकाणी चालतं. पण २ टक्के ग्लुटारअल्डिहाइडला स्पोअर्सपर्यंत (जंतूंची सगळ्यात चिवट बीजरूपं) सगळं मारायला १० तास लागतात. काही मिनिटांत होतं ते निर्जंतुकीकरण नव्हे, हे सिस्टरला ठाऊक असलं पाहिजे. माहीत असलेलीच 'दुसरा सेट लागेल' असा आग्रह धरू शकते.

नर्सिंग होममधल्या उभ्या ऑटोक्लेव्हची खोड तर जरूर शिकवावी. पाणी उकळलं की बाहेरच्या नळीतून आधी हवा येते, मग सलग वाफ. सलग वाफ येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा असतो. घाईत तो आधीच बंद केला तर हवा आत अडकते. काटा १५ पौंड दाखवतो, पण तो दाब हवा आणि वाफ मिळून झालेला असतो, आणि तापमान १२१ अंशांच्या खालीच राहतं. गुंडाळलेल्या पॅकला १२१ अंशांवर साधारण ३० मिनिटं लागतात, आणि ती मोजायची तापमान गाठल्यानंतर, बटण दाबल्यापासून नव्हे. व्हॅक्यूमच्या मशीनमध्ये १३४ अंशांवर ३ ते ४ मिनिटं पुरतात. त्या मशीनला रोज सकाळी रिकामं असताना बोवी-डिक चाचणी करायची, म्हणजे खास कागदाचा पॅक आत ठेवून हवा नीट निघते का ते बघायचं. कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलला पाहिजे. मध्यभाग फिका राहिला तर हवा नीट निघालेली नाही, आणि त्या दिवशी ते मशीन वापरायचं नाही.

पावसाळ्यात ओल्या पॅकचा प्रश्न वाढतो. चेंबर ठासून भरलं, बाउल उताणं ठेवलं, दार घाईत उघडलं किंवा गरम पॅक थेट थंड स्टीलच्या ओट्यावर ठेवला की आत पाणी सुटतं. ओल्या कापडातून जंतू सहज आत शिरतात. नव्या सिस्टरला एकच प्रश्न विचारावा : "टेपवर काळे पट्टे आलेत, पण पॅक हाताला दमट लागतो. घेशील?" पॅकवर चिकटवलेली टेप एवढंच सांगते की पॅक मशीनमधून गेला. आतला माल निर्जंतुक झाला की नाही, हे आतला इंडिकेटर आणि ठरल्या दिवशी केलेली स्पोअर चाचणी सांगते. दमट पॅक परत पाठवायचा, पट्टे कितीही काळे असोत.

मॉपचा काउंट

ओटी सिस्टरचं एकच कौशल्य तपासायची मुभा असेल तर आम्ही काउंट निवडू, म्हणजे केसमध्ये घेतलेल्या वस्तू मोजून जुळवणं. वरवर सोपं, पण घात तिथेच होतो.

ऑपरेशननंतर शरीरात राहिलेल्या वस्तूंवर २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५४ पेशंट होते. राहिलेल्या वस्तूंपैकी ६९ टक्के मॉप-गॉज होते. ज्या केसेसमध्ये काउंट झाला होता, त्यांतल्या ८८ टक्के केसेसमध्ये तो 'बरोबर' म्हणून नोंदला गेला होता. म्हणजे त्या केसेसमध्ये मोजायला कुणी विसरलं नव्हतं. मोजलं, आकडा जुळल्यासारखा वाटला, आणि मॉप आतच राहिला. इमर्जन्सी केस, ऑपरेशनचा बेत अचानक बदलणं आणि पेशंटचं जास्त वजन, या तीन गोष्टींनी धोका वाढतो असंही त्यात दिसलं.

म्हणून काउंटची पद्धत ठरलेली हवी. स्क्रब सिस्टर (सर्जनच्या हातात अवजारं देणारी) आणि फ्लोअर सिस्टर (बाहेरून माल पुरवणारी), दोघींनी एकाच वेळी, बघून आणि मोठ्याने मोजायचं. एकीने मोजून दुसरीने मान डोलावली तर तो काउंट नव्हे. प्रत्येक मॉप वेगळा करून, घडी उलगडून, त्याची नाडी (शिवलेली फीत) दिसली पाहिजे. एकाला एक चिकटलेले दोन मॉप एक म्हणून मोजले जातात. चुकांचं हे सगळ्यात साधं कारण आहे. क्रम रोज तोच ठेवावा : आधी मॉप, मग गॉज, मग सुया आणि ब्लेड, शेवटी अवजारं. आकडा लगेच फळ्यावर. पाचाच्या बंडलात चार किंवा सहा निघाले तर ते बंडल वापरायचंच नाही, पिशवीत बांधून बाजूला ठेवायचं. शरीरात जाणारा प्रत्येक मॉप एक्स-रेत दिसणारी पट्टी असलेलाच हवा आणि तो कापायचा नाही. ड्रेसिंगचा गॉज शेवटचा काउंट होईपर्यंत अवजारांच्या ट्रॉलीवर येऊ द्यायचा नाही, नाहीतर साधा गॉज मोजलेल्या गॉजमध्ये मिसळतो.

काउंट कधी? चिरा देण्याआधी, नवीन माल आला की तेव्हाच, गर्भाशयासारखा पोकळ अवयव बंद करण्याआधी, पोट बंद करण्याआधी, शेवटी त्वचेच्या वेळी. आणि स्क्रब किंवा फ्लोअर सिस्टर बदलली की पुन्हा. शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण दुपारी दोनची शिफ्ट बदलते तेव्हा केस मध्यावर असते.

नेमकं काय बिघडतं ते पाहा. सिझेरियन सुरू आहे, फळ्यावर '१० मॉप'. रक्त वाहू लागलं. सर्जन म्हणाले, "मॉप द्या, मॉप द्या." फ्लोअर सिस्टरने पाचाचं बंडल फाडून दिलं आणि लगेच सक्शनची बाटली बदलायला गेली. फळ्यावर लिहायचं राहिलं. त्याच वेळी दोन वाजले, नवी फ्लोअर सिस्टर आली, फळ्यावरचे दहा तिने खरे मानले. आता पंधरातले पाच मॉप आत राहिले तरी बाहेरचे दहा मोजून काउंट 'जुळतो'. म्हणून बंडल फाडण्याआधी फळ्यावर लिहायचं, फाडल्यानंतर नव्हे. एवढी एक सवय लावली तरी मोठं काम होतं. आणि शिफ्ट बदलताना फळा वाचून भागत नाही. रिकामी वेष्टनं एका कोपऱ्यात जपून ठेवलेली असली की ती मोजूनही पडताळता येतं.

काउंट चुकला तर पुढे काय, हेही हातात बसलेलं हवं. आधी मोठ्याने सांगायचं. मग सर्जन थांबतील आणि जखमेत हाताने चाचपतील. फ्लोअर सिस्टर बादली, टेबलाखालची जमीन, ड्रेप्सच्या (पेशंटवर पांघरलेल्या निर्जंतुक कापडांच्या) घड्या, चपलांचे तळवे बघेल. बादली, लिनन काहीही खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. पुन्हा काउंट. तरी सापडला नाही तर पेशंट टेबलावरून हलवण्याआधी एक्स-रे, आणि सगळ्याची नोंद केसपेपरवर. ज्या नर्सिंग होममध्ये सी-आर्म (ओटीत वापरायचं एक्स-रे मशीन) किंवा पोर्टेबल एक्स-रे नाही, त्यांनी तो कुठून आणि किती वेळात येईल हे आजच ठरवून ठेवावं.

हे शिकवायला पेशंट लागत नाही. वीस जुने मॉप लाल रंगाच्या पाण्यात भिजवा, पिळून बादलीत आणि टेबलावर टाका, एक लिननमध्ये लपवा. दोघींना मोजायला सांगा आणि मध्येच फोन वाजवा. बघायचं हे की व्यत्यय आल्यावर ती जिथे थांबली तिथून पुढे मोजते, की तो प्रकार पहिल्यापासून मोजते. पहिल्यापासून मोजणारी पास.

आकडे कोणत्या भाषेत म्हणायचे, हेही ठरवून घ्यावं. ठाणे-नवी मुंबईच्या ओटीत साताऱ्याची सिस्टर, केरळची सिस्टर आणि हिंदी बोलणारा टेक्निशियन एकत्र असतात. मराठीतलं एकोणतीस आणि हिंदीतलं उनतीस मास्कमधून ऐकताना गोंधळ उडतो. सगळ्यांनी 'वन, टू, थ्री' म्हटलं की भानगड मिटते. औषधाच्या मात्रेलाही हाच नियम लावावा.

"सर, बंद करू नका"

बावीस वर्षांच्या सिस्टरने तिच्या वडिलांच्या वयाच्या सर्जनला थांबवणं सोपं नाही. 'धीट व्हा' असं सांगून ते जमत नाही. शब्द तयार करून द्यावे लागतात आणि ते तोंडातून निघावे लागतात. वाक्य छोटं, स्पष्ट, आरोप नसलेलं असावं : "सर, एक मॉप कमी आहे. बंद करू नका." सराव करताना शिक्षकाने सर्जन होऊन चिडून बघावं, "तुझंच मोजायला चुकलं असेल" म्हणावं, आणि तिने तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणावं. तिसऱ्या-चौथ्या सरावाला आवाज स्थिर होतो. याची दुसरी बाजू म्हणजे सर्जनचं उत्तर. "ठीक आहे सिस्टर, थांबलो" एवढं म्हणण्याची सवय सीनिअर डॉक्टरांनी लावून घेतली तर निम्मं प्रशिक्षण आपोआप होतं.

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट २००८ साली आली ती याच कारणासाठी. १९ मुद्दे, तीन थांबे : भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत, त्यात दिल्लीचं एक, तिचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. पण कागद भरून तो फायदा मिळत नाही. केस संपल्यावर सगळ्या टिका एकाच पेनाने एका दमात झालेल्या दिसल्या तर तो कागद निरुपयोगी. शिकाऊ सिस्टरचं मूल्यमापन करताना बघावं ते हे की टाइम आउटला, म्हणजे चिरा देण्याआधीच्या थांब्याला, तिने सगळ्यांचे हात खरोखर थांबवले का.

कॉटरीची प्लेट आणि इतर काही

कॉटरी म्हणजे विजेच्या करंटने कापणारं आणि रक्तस्राव थांबवणारं उपकरण. 'कॉटरी लागत नाही, वाढवा' असं ऐकलं की नवखी सिस्टर पॉवर वाढवते. तयार सिस्टर आधी प्लेट, म्हणजे पेशंटच्या अंगाला चिकटवलेला पॅड, बघते. कॉटरीचा करंट पेशंटच्या अंगातून प्लेटमार्गे परत जातो. प्लेट अर्धी सुटली असेल तर तोच करंट लहान जागेतून जातो आणि तिथली त्वचा भाजते. भूल दिलेला पेशंट ओरडत नाही, ते दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून प्लेट मांसल जागी, शक्यतो मांडीवर, जखमेच्या जवळ लावावी. हाडाच्या उंचवट्यावर, केसाळ जागी, जुन्या व्रणावर किंवा आत धातूचं इम्प्लांट असेल तिथे लावू नये. पोझिशन बदलली की प्लेट पुन्हा तपासावी. स्पिरिटयुक्त औषधाने त्वचा साफ केली असेल तर किमान ३ मिनिटं सुकू द्यावी, आणि पाठीखाली किंवा बेंबीत साचलेलं टिपून काढावं. ओलं स्पिरिट, ऑक्सिजन आणि ठिणगी एकत्र आली की ड्रेप्स पेटतात.

पोझिशनमध्ये दोन गोष्टी पक्क्या असाव्यात : हात बाजूला ९० अंशांपेक्षा जास्त पसरायचा नाही, आणि लिथॉटॉमीत (पाय वर टांगलेल्या पोझिशनमध्ये) दोन्ही पाय एकत्र, हळू वर घ्यायचे आणि तसेच खाली आणायचे. स्पेसिमेनच्या (तपासणीला पाठवायच्या तुकड्याच्या) बाबतीत लेबल डब्यावर, झाकणावर नव्हे. फॉर्मेलिन १० टक्के, तुकड्याच्या आकारमानाच्या दहापट. कल्चर (जंतूंची तपासणी) किंवा फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन सुरू असतानाच गोठवून होणारी तपासणी) जाणारा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडला की तपासणी हातची गेली, आणि तो तुकडा परत मिळत नाही.

फ्लोअर सिस्टरचं काम हलकं समजून नवख्या मुलीला तिथे टाकण्याची पद्धत आम्हाला चुकीची वाटते. स्क्रब सिस्टरच्या समोर एक ट्रॉली असते. फ्लोअर सिस्टरला अख्खी खोली सांभाळायची असते, आणि रक्त कधी मागवायचं, कुणाला बोलवायचं हे आधी तिच्याच लक्षात यावं लागतं.

सही कोण करणार

आपल्याकडे सर्जन एका हॉस्पिटलचे नसतात. सकाळी ठाण्यात, दुपारी वाशीत. एका सिस्टरला दहा-पंधरा जणांच्या पद्धती सांभाळाव्या लागतात. प्रत्येकासाठी एक कार्ड ठेवावं : ग्लोव्हचा नंबर, सूचर (टाक्यांचा धागा), पोझिशन, त्वचेचं औषध, खास अवजारं, आणि कार्ड शेवटचं कधी बदललं ती तारीख. डॉक्टर घोडबंदर रोडला अडकलेत असा फोन आला तर ट्रॉली लावून वाट बघत बसायचं नाही. पॅक जितका वेळ उघडा, तितकी त्यावर धूळ आणि जंतू बसतात. पेशंट टेबलावर आणि सर्जन इमारतीत, मग पॅक उघडायचा. उघडलेली ट्रॉली सोडून कुणी खोलीबाहेर जायचं नाही.

प्रत्येक कामाची तपासणी तीन पायऱ्यांत लिहावी : बघितलं, मदतीने केलं, स्वतंत्र केलं. 'स्वतंत्र' लिहिण्याआधी दोन वेगवेगळ्या सीनिअर सिस्टरनी वेगवेगळ्या केसेसमध्ये पाहिलेलं असावं. एकच जण सही करत असेल तर मैत्री किंवा दया आड येते. निव्वळ संख्येवर जाऊ नये. पाच सोप्या केसेसपेक्षा एक रक्तस्रावाची केस जास्त सांगते. शिकवणाऱ्या सीनिअर सिस्टरला त्या दिवशी स्वतःची पूर्ण यादी देऊ नये, नाहीतर शिकाऊ मुलगी नुसती मागे उभी राहते. आणि जे क्वचितच घडतं, जसं टेबलावर हृदय थांबणं किंवा लाइट जाऊन जनरेटर वेळेत न लागणं, त्याचा दर तीन महिन्यांनी पंधरा मिनिटांचा सराव ओटीतच घ्यावा. वापर नसलेलं कौशल्य गंजतं.

सिस्टर आठ-दहा महिन्यांत सोडून जाते म्हणून शिकवण्यात कशाला वेळ घालवायचा, असं अनेक मालक डॉक्टर म्हणतात. पण तिच्या जागी येणारीही कुठल्यातरी नर्सिंग होममधूनच येणार आहे. ती नोकरी सोडताना 'दोन वर्षे समाधानकारक काम केले' या ओळीऐवजी तिच्या हातात एक पान द्यावं : सिझेरियन, स्क्रब, स्वतंत्र. हिस्टरेक्टॉमी, स्क्रब, स्वतंत्र. दुर्बीण, मदतीने. फ्लोअर, स्वतंत्र. काउंटची तपासणी, तारीख. सीपीआरचा सराव, तारीख. खाली दोन सह्या.